परत न आलेला पेशंट

पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. त्याने कंबरेला हळूच पाय लावला की उसण उतरते म्हणतात. शहाद्याला आमच्या गल्लीत अशा एक काकू होत्या. सकाळी त्यांच्या ओट्यापाशी कुणी ना कुणी कंबर धरून वाकडं उभं असायचं. काकू पैसे घ्यायच्या नाहीत, चहा मात्र पाजायच्या. आणि उसण जायची. म्हणजे खरंच जायची, तीन-चार दिवसांत.

आता त्याच गल्लीतली माझ्या वयाची पोरं रात्री पडल्या पडल्या कायरोप्रॅक्टरच्या रील बघतात. टेबलावर माणूस पालथा पडलेला, त्याच्या मानेजवळ माइक लावलेला. मग एक झटका, 'कडक्' असा आवाज, आणि तो माणूस डोळे मिटून हसतो. खाली कमेंटमध्ये पत्ता विचारणारे शेकडो. मी पुण्यात दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर मान वाकवून बसतो, त्यामुळे माझ्या फोनने हे कधीच ओळखलंय. मला रोज असली चार-पाच हाडं मोडून दाखवली जातात.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात एक द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब कमी होतो आणि त्या द्रवात वायूची एक पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआय यंत्रात हे प्रत्यक्ष पाहिलं. तुम्ही घरी बोटं मोडता तेव्हा होतो तोच हा आवाज, रीलमध्ये त्याला फक्त माइक मिळालाय.

पण आवाज खोटा म्हणून आराम खोटा, असंही नाही. कंबरदुखीत मणके हाताळण्याच्या उपचाराने थोडा फायदा होऊ शकतो. अमेरिकेतल्या 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत नव्या कंबरदुखीला औषधांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत शेक, मालिश आणि अॅक्युपंक्चरच्या सोबत हाही आहे. पुरावा कच्चा आहे, हेही तिथेच लिहिलंय. मानेला झटका देण्याचं प्रकरण वेगळं. मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचित होतं. पण ज्याचं होतं त्याच्यासाठी 'क्वचित' या शब्दाला अर्थ नसतो.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे बहुतेक ताजी कंबरदुखी काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआपच कमी होते. माणूस उपचाराला कधी जातो? दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. तिथून पुढे ते उतरणारच असतं. आमच्या धंद्यात कधी कधी गंडलेला सर्व्हर स्वतःच सावरतो, आणि त्या क्षणी ज्याचा हात कीबोर्डवर असतो त्याचं मीटिंगमध्ये कौतुक होतं. काकूंच्या पायाचं आणि रीलमधल्या झटक्याचं बरंचसं यश या जातीचं आहे.

इथपर्यंत सोपं आहे. विज्ञान मानणारा कुणीही इथे थांबून 'बघा, भोंदूगिरी' म्हणू शकतो. मला तसं थांबता येत नाही, कारण नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न उसणीवर संपत नाही. इथे खरोखर हाडं मोडतात.

उन्हाळ्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडे आमचूर करायला कैऱ्या उतरवतात, तेव्हा माणसं आंब्यावरून पडतात. ताडावरून पडतात. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर पडतात, आणि आता वर्षभर मोटारसायकलवरून. पडलेल्या माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं, मग गाडी शोधायची, मग घाट. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. ती बातमी तेव्हा देशभर फिरली. असा घाट मध्ये असताना पाड्यावरचा किंवा शेजारच्या गावचा हाड बसवणारा हा 'पर्यायी उपचार' नसतो. तोच पहिला उपचार असतो आणि पुष्कळदा शेवटचाही.

तो बोटांनी चाचपतो, ओढून हाड सरळ करतो, पाल्याचा लेप लावतो, बांबूच्या कामट्या लावून कापडाने आवळतो. ही विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि झाडाच्या साली आणि बांबूच्या पट्ट्यांचा आधार द्यायला सांगितलंय. आंध्रातल्या पुत्तूरची पट्टी तर इतकी प्रसिद्ध, की शेजारच्या राज्यांतून लोक तिथे जातात. आपल्याकडचा हाडवैद्य प्रसिद्ध नाही, पण तो पावरी-भिली बोलतो, केस पेपर काढायला लावत नाही, 'रॉड टाकावा लागेल' असं म्हणत नाही आणि वेळ देतो. वेळेचं तर काही विचारू नका. ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींची आकडेवारी जमवणारा एक अभ्यास 'बीएमजे ओपन'मध्ये २०१७ साली आला. त्यात भारतातली सरासरी भेट दोन मिनिटांच्या आसपास निघाली. सरकारी ओपीडीच्या रांगेत उभं राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

माझ्या आजीचं मनगट हाडवैद्याने बसवलं होतं. ते वाकडंच जुळलं. हात टेबलावर ठेवला की काट्याच्या चमच्यासारखा बाक दिसायचा. पुढे एका हाडांच्या डॉक्टरांनी ते पाहून च्यक् केलं. आजी मात्र त्याच हाताने मरेपर्यंत भाकरी थापत होती आणि हाडवैद्याचं नाव आदराने घ्यायची. एक्स-रे बघणाऱ्याच्या लेखी अपयश, भाकरी करणारीच्या लेखी यश. दोघांपैकी कुणाचं बरोबर, याचं उत्तर मला देता येतं असं वाटत नाही. पण एक नक्की सांगता येतं. तो बाक हाडवैद्याने कधी पाहिला नाही. कामट्या सोडल्यावर आजी त्याच्याकडे परत गेलीच नव्हती, आणि परत न आलेली बाई बरी झाली हे त्याने धरूनच ठेवलं असणार.

माझा मुद्दा इथून सुरू होतो.

हाडवैद्याकडून बिघडलेली केस कुठे जाते? दवाखान्यात. काळा पडलेला हात, न जुळलेली मांडी, पू झालेला पाय हे सगळं सिव्हिलच्या किंवा नंदुरबार-शहाद्याच्या खाजगी डॉक्टरांसमोर येतं. जुळलेली हाडं तिथे येत नाहीत, त्यांचं तिथे कामच काय? त्यामुळे डॉक्टर वर्षानुवर्षं हाडवैद्याचं फक्त अपयश पाहतात. आणि दवाखान्यात बिघडलेली केस कुठे जाते? प्लेट बसवून वर्ष झालं तरी पाय टेकवत नाही असा माणूस, किंवा कर्ज काढून ऑपरेशन केलेला आणि तरी लंगडणारा, शेवटी हाडवैद्याच्या ओट्यावर येतो. म्हणजे हाडवैद्यही डॉक्टरचं फक्त अपयश पाहतो. दोघंही खरं बोलतात. दोघंही रोज डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतात. आणि दोघांचंही समोरच्याबद्दलचं मत चुकीच्या नमुन्यावर उभं असतं.

आपल्या स्वतःच्या अपयशाबद्दल तर दोघांनाही अजून कमी कळतं. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. प्लास्टर लावलेला माणूसही जातो. सहा आठवड्यांनी तो आला नाही तर कागदावर त्याचं पुढे काय झालं हे कोरंच राहतं, आणि कोरी जागा आपण सगळे आपल्या सोयीने वाचतो.

आता मला जे म्हणायचंय ते असं. अधिकृत वैद्यक आणि हाडवैद्य यांच्यातला नैतिक फरक ज्ञानाचा आहे असं आपण समजतो. ज्ञानाचा फरक आहेच, आणि मोठा आहे. एक्स-रे, भूल, अँटिबायोटिक यांच्याशी पाला स्पर्धा करू शकत नाही. पण दुसऱ्याच्या शरीराला हात लावायचा अधिकार ज्ञानाने पूर्ण होत नाही. आपल्या हातून बिघडलेला माणूस आपल्याला परत दिसेल अशी सोय केली आहे का, हा प्रश्न त्याच्याआधी येतो.

जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान याचं उदाहरण घ्या. मोडलेल्या हातावर पट्टी फार घट्ट बसली की आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटं पंजासारखी आखडून जातात. त्याने १८८१ मध्ये हे लिहिलं. कुणाच्या पट्ट्यांबद्दल? डॉक्टरांच्याच. घट्ट आवळण्याची चूक डॉक्टरांनी केली, हाडवैद्यही करत आलेत, आणि परिणाम तोच. फरक इतकाच की एका बाजूला ती चूक लिहिली गेली, तिला नाव मिळालं, आणि आज एमबीबीएसच्या पोराला ते नाव परीक्षेत विचारतात. दुसऱ्या बाजूला ती चूक त्या मुलाच्या नशिबावर गेली, नाहीतर कुणाच्या नजरेवर.

या कसोटीवर कायरोप्रॅक्टिकचा इतिहास वाचला की गंमत वाटते, आणि थोडं वाईटही. डी. डी. पामर नावाचा चुंबक-उपचार करणारा माणूस १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी एका सफाई कामगाराचा मणका दाबतो आणि त्याचा बहिरेपणा गेला असा दावा करतो. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण त्या एका केसवरून सिद्धांत उभा राहतो की बहुतेक आजार मणके सरकल्याने होतात. दोन वर्षांत शाळाही निघते. एक पेशंट, एक दावा आणि थेट शाळा. स्टार्टअपवाल्यांना ओळखीचं वाटेल.

डॉक्टरांनी काय केलं? बहिष्कार टाकला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध खास समिती नेमली. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं डॉक्टरसाठी अनैतिक ठरवलेलंच होतं. चेस्टर विल्क आणि आणखी चार कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनला स्पर्धाविरोधी कायद्याखाली दोषी ठरवलं. हा निकाल कायरोप्रॅक्टिक बरोबर आहे असं म्हणत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. निकाल बहिष्काराबद्दल होता.

त्याहून जास्त मला डॉ. अॅक्सहॅम यांचं प्रकरण छळतं. लंडनमध्ये हर्बर्ट बार्कर नावाचा हाडवैद्य होता, पदवी नसलेला. त्याच्या पेशंटांना दुखू नये म्हणून अॅक्सहॅम भूल द्यायचे. १९११ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने अॅक्सहॅम यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. गुन्हा काय, तर अपात्र माणसाला मदत. १९२२ मध्ये बार्करला 'सर' ही पदवी मिळाली. अॅक्सहॅम १९२६ मध्ये वारले, आणि तोवर त्यांचं नाव काही परत आलं नाही. जरा विचार करा. हाडवैद्याच्या टेबलाशेजारी त्या वेळी एक प्रशिक्षित डॉक्टर उभा होता. काय बिघडतंय, काय जमतंय हे बघू शकेल असा एकमेव माणूस. व्यवस्थेने नेमके तेच डोळे काढून घेतले. बार्करचं काम त्याने थांबलं नाही.

आणि हे सगळं तेव्हा, जेव्हा सर जेम्स पॅजेट यांच्यासारख्या नामवंत सर्जनने १८६७ मध्येच आपल्या विद्यार्थ्यांना हाडवैद्य कोणत्या केस बऱ्या करतात यावर व्याख्यान दिलं होतं. त्यांचं चांगलं ते शिका, वाईट ते टाळा, असा त्याचा रोख होता. लिव्हरपूलच्या एका हाडवैद्याने तर मुलांनाच डॉक्टर केलं. त्यातला एक ह्यू ओवेन थॉमस. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला सिव्हिलमध्ये जी लोखंडी चौकट लावतात, वर गोल कडं असलेली, ती थॉमस स्प्लिंट याच माणसाची. पहिल्या महायुद्धात त्याच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, ती वापरात आणली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू प्रचंड कमी झाले. हाडवैद्याच्या घरातली विद्या मोजमापात आली की तिचं असंही काही होऊ शकतं.

पण लगेच हुरळून जायला नको. 'दोन्ही पद्धतींचा आदर करा' हे वाक्य मला बहिष्काराइतकंच आळशी वाटतं. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरना कायद्याने नोंदणी मिळाली, मान मिळाला. तरी २००८ मध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने, पोटदुखीने रडणाऱ्या तान्ह्या बाळांवर आणि दम्यावरही हा उपचार चालतो या दाव्यांना पुरावा कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्यांच्या संघटनेने उत्तरादाखल बदनामीचा खटला भरला. २०१० मध्ये अपील कोर्टात सिंग यांच्या बाजूने निर्णय लागला आणि संघटनेने खटला मागे घेतला. म्हणजे मान्यता मिळाली म्हणून हिशोब द्यायची सवय लागते, असं नाही. भारतात तर कायरोप्रॅक्टिकचं स्वतंत्र वैधानिक कौन्सिलच नाही, ते आयुषमध्येही बसत नाही. अमेरिकेत ज्याला काही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्याच्या काही दिवसांच्या कोर्सच्या जाहिराती मला त्याच रीलच्या मधे दिसतात. आणि रील झटक्याच्या आवाजावर संपते. दुसऱ्या दिवशी मान कशी होती, याची रील कुणी काढत नाही.

मग हिशोब कसा द्यायचा? याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे आणि ते गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी शिकवली, अगदी जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. शहरातल्या डॉक्टरला घाम फुटावा अशीच गोष्ट. पण त्यांनी ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला, आणि शेजारच्या गावांतलाही, तुलनेसाठी. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे आशाताईंच्या कामात ती पद्धत देशभर गेली. त्या बायकांना अधिकार कशाने मिळाला? पदवीने नाही, परंपरेने नाही. मेलेली बाळंसुद्धा मोजली, म्हणून मिळाला.

हाडांच्या बाबतीतही असा एक प्रयत्न मला माहीत आहे, इथिओपियातला. तिथे हाडवैद्यांच्या घट्ट पट्टीमुळे गँगरीन होऊन मुलांचे हातपाय कापावे लागत होते. एका डॉक्टरने हाडवैद्यांना बोलावून एका दिवसाचं प्रशिक्षण दिलं. पट्टी किती आवळायची, बोटं गार पडली, बधिर झाली, निळी-पांढरी पडली तर लगेच सोडायची, हाड कातडीतून बाहेर आलं असेल तर हात न लावता पाठवून द्यायचं. पुढे हातपाय कापण्याचं प्रमाण घटलं. २००५ मध्ये ते हाडांच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्या डॉक्टरने हाडवैद्यांचा लेप खरा की खोटा यावर वाद घातलाच नाही.

आपल्याकडे डॉक्टर हे करायला कचरतील, आणि त्यांची भीती निराधार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम अपात्र व्यक्तीला आधुनिक वैद्यकाच्या कौशल्याचं प्रमाणपत्र देऊ देत नाहीत. ठीकच आहे. उद्या तो कागद फ्रेम करून भिंतीवर लागेल आणि त्याखाली मणक्याच्या टीबीलाही मालिश सुरू होईल. पण त्याच नियमात डॉक्टरच्या देखरेखीखाली सुईणींना शिकवायची मोकळीक आहे, आणि आपण दाईंना अनेक दशकं शिकवलंही. प्रमाणपत्र नको. 'हे झालं की आमच्याकडे पाठव, आम्ही तुला हसणार नाही' एवढं पुरे. त्यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे. ज्या माणसाला दवाखान्यात सगळ्यांसमोर 'कोणत्या गाढवाने बांधलं हे?' असं ऐकायला मिळतं, तो पुढच्या वेळी काळं पडलेलं बोट दोन दिवस लपवून ठेवतो. हाडवैद्यही ठेवतो, आई-बापही ठेवतात. त्या दोन दिवसांत हात जातो.

नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथली पोरं इंटर्नशिपला आली की त्यांना मोलगी-धडगावच्या आठवडे बाजारात पाठवता येईल. हाडवैद्यांकडे जाऊन फक्त एक वही ठेवायची. तारीख, कुठलं हाड, किती दिवस बांधलं, आणि एक मोबाईल नंबर. पेशंटचा नसला तर पाड्यावर ज्याच्याकडे असेल त्याचा. अशीच वही सिव्हिलच्या प्लास्टर रूममध्येही, कारण तिथूनही माणसं ऊसतोडीला जातात आणि परत येत नाहीत. सहा आठवड्यांनी दोन्ही वह्यांमधल्या प्रत्येक नंबरवर एक फोन लावायचा, पावरीत नाहीतर भिलीत, आणि विचारायचं की हात वर जातो का, पाय टेकवतो का, भाकरी थापता येते का.